पापुद्रा

मटणाची पिशवी माझ्या हातात दिल्यावर मीरासाहेब आत वळला, फ्रीजरचं झाकण उघडून त्यानं तळातून एक कागदी पुडकं काढलं आणि माझ्या पिशवीवर ठेवलं. "हे मावशींचं," तो म्हणाला. "लय दिवस झाले, आल्या न्हाईत. साठून राहिलंय." पुडकं गारठलेलं होतं आणि विटेच्या तुकड्यासारखं कडक. यात काय आहे, मी विचारलं. तो हसला. मी उगाच साळसूदपणा करतोय असं त्याला वाटलं असावं. "काय म्हणजे? चरबी. रविवारी तुमी काढायला लावता, सोमवारी त्या घिऊन जातात. आज काय नवीन हाय का ते? वरीस झालं की भाऊ." माझ्या मागे एक जण खिम्यासाठी खोळंबला होता, त्याला मुलीला क्लासहून आणायचं होतं. मीरासाहेबनं सुरी उचलली, "मावशींना सलाम सांगा माझा," म्हणाला आणि ओंडक्यावर कामाला लागला. मी बाजूला झालो. शेजारच्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी लोखंडी पाइप कापत होतं आणि त्याच्या ठिणग्या गटाराच्या झाकणापर्यंत येऊन विझत होत्या. मी बराच वेळ त्या ठिणग्या बघत उभा राहिलो. हातातल्या पुडक्याचा कागद हळूहळू ओला व्हायला लागला होता.

पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे सांगून टाकतो, कारण ते काही फार टिकलं नाही. आई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती खाटेवर होती आणि घास तोंडात घेत नव्हती. दूध दिलं तर ओठ मिटायची. पेज दिली तर ती हनुवटीवरून ओघळायची आणि आम्रपाली, माझी बायको, नॅपकिननं टिपत बसायची. ऑपरेशननंतर आईचा काळवेळाचा धागाही सुटला होता. कधी मी तिचा मुलगा असायचो, कधी डॉक्टर असायचो, बऱ्याचदा कोणीच नसायचो. दोनच दिवसांपूर्वी डॉक्टर घरी येऊन गेले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "आता पथ्यबिथ्य काही नाही. त्यांना आवडेल ते द्या. पण पोटात जाऊ द्या." म्हातारं माणूस, त्याला पथ्य नाही म्हणजे काय ते मला समजत होतं. म्हणून तर सूप करायला मटण घ्यायला आलो होतो, तेही सवयीनं चरबी काढायला लावून. आणि आता हे पुडकं. म्हणजे माझ्या पाठीमागे आईनं वर्षभर मनासारखं खाल्लं होतं तर. माझे सगळे नियम पाळल्यासारखं दाखवून म्हातारीनं सोमवारी गुपचूप आपली चंगळ केली होती. मला राग यायला हवा होता, पण मला मनापासून हसू आलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी तसाच हसत चाललो होतो. निदान काहीतरी तिनं खाल्लं, एवढंच मनात येत होतं.

नियम माझे होते. मागच्या वर्षी महाळुंग्याला कंपनीत, शिफ्ट सुटायच्या वेळी, एका पार्टवर चट्टा कसला पडलाय ते बघायला मी वाकलो आणि उठलोच नाही. स्टेंट टाकला. दवाखान्यात आहार सांगायला एक मुलगी आली होती, चांगली होती, आवाजात कसलीही धमकी नव्हती. ती म्हणाली, "काहीही बंद करायचं नाही, सर. आयुष्यभर झेपेल तेवढंच करायचं. साधं खा, थोडं खा, दिसेल ती चरबी बाजूला काढा. जिभेला थोडे दिवस द्या, ती शिकते." इतकं सोपं. पण मी पडलो क्वालिटीचा माणूस. पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून पोट भरलेलं. मला सोपं काही सोपं ठेवता येत नाही. मी घरात तेलाची बुधली बंद करून चमचा आणला. रस्सा झाला की तो गार करायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा, वर तवंग गोठला की चमच्यानं अख्खा उचलून टाकून द्यायचा आणि मगच गरम करून खायचा. त्या गोठलेल्या तवंगाचा आवाज मला आवडायला लागला होता, कागद फाडल्यासारखा. नियम सगळ्यांना सारखा, मी जाहीर केलं. आम्रपाली आकुर्डीला कॉलेजच्या ऑफिसात काम करते, तिला जेवणावरून वाद घालायला वेळच नसतो. वाद घालील तर आई, असं मला वाटलं होतं. तिनं चमच्याकडे बघून नुसतं म्हटलं, "दात कोरून पोट भरतं व्हय रं?" मग म्हणाली, "तुज्या कंपनीत मशीनला वंगण लागतं, आन माणसाला न्हाई?" मी तिला हृदयाच्या नळ्या कशा असतात ते सांगितलं. मोबाइलवर चित्र दाखवलं. तिनं चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं, आणि त्या दिवसापासून नियमाविरुद्ध एक अक्षर बोलली नाही. स्वतःच्या वरणावर तिनं कधी चमचाभरसुद्धा तेल पडू दिलं नाही. आम्रपाली म्हणायची, आई, तुम्ही घ्या हो, तुम्हाला कुठं काय झालंय. तर ही म्हणायची, "डाक्टरनं सांगितलंय न्हवं." मला तिचा अभिमान वाटायचा. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, पोलकी खांद्यावरून घसरायला लागली, तर मी म्हणायचो, वय झालं.

एक मात्र तिनं हट्टानं आपल्याकडे ठेवलं होतं. माझी भाकरी. "त्याला मीठ कमी लागतंय, त्याची मी निराळी करते," असं ती आम्रपालीला सांगायची आणि माझं ताट दुसऱ्या कोणाला वाढू द्यायची नाही. ज्वारीची भाकरी, वर लसणाची चटणी, वाटीत पातळ वरण. बास. आणि काय सांगू, त्या भाकरीला जी चव होती ती मला आयुष्यात कुठल्याही हॉटेलात मिळाली नव्हती. मला वाटलं, शिकली माझी जीभ. ती दवाखान्यातली मुलगी म्हणाली होती तसंच झालं. मी कॅन्टीनमध्ये पोरांना प्रवचनं द्यायला लागलो. विक्की म्हणून एक पोरगा आमच्या लाइनवर आहे, रोज सामोसे खातो. त्याला मी म्हणायचो, भावा, चव तेलात नसते, भुकेत असते, साधं खायची सवय झाली की कोरडी ज्वारी पण साजूक लागते. तो म्हणायचा, "सर, तुमची भाकरी एकदा खाऊन बघू द्या." मी दिली नाही. हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर मला ती द्यावीशीच वाटली नाही. तेवढीच तर एक गोष्ट उरली होती. कारण रक्त तपासलं की प्रत्येक वेळी कोलेस्टेरॉलचा आकडा तसाच. गोळीचा डोस वाढला, आकडा ढिम्म हलेना. डॉक्टर चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, बाहेरचं काही खाता का. मी चिडायचो. मग घरी येऊन शोध घ्यायचो. दोष कुठून आत येतोय ते शोधायचं, हेच तर माझं काम. कॅन्टीनच्या भाजीवर संशय आला, ती सोडली आणि कॅन्टीनवाल्याशी भांडलो. शेंगदाणे सोडले. अंडं सोडलं. चहातलं दूध सोडलं. आम्रपालीच्या फोडणीवर संशय घेतला, त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सगळं तपासून झालं. आईच्या हातची भाकरी तेवढी मी कधी तपासली नाही.

आकुर्डीला आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो तेव्हाची भाकरी मला त्या दिवशी रस्त्यात आठवली, पुडकं हातात होतं म्हणूनच आठवली असेल. बाप, खंडू, कंपनीत ठेकेदाराकडे लोडिंगला होता. मटण आमच्याकडे सणालासुद्धा नेमानं यायचं नाही. पण खाटकाकडे चरबी मिळायची, जी कोणाला नको असायची ती. आई ती आणायची, बारीक चिरायची आणि स्टोवर मंद कढवायची. सगळी खोली त्या वासानं भरून जायची, कपड्यांना यायचा, पुस्तकांना यायचा. कढून झाली की ती जर्मनच्या डब्यात ओतायची आणि सकाळपर्यंत ती पांढरीशुभ्र थिजायची. शाळेत पोरांच्या डब्यात तूप-साखरेची पोळी असायची. माझ्या डब्यात भाकरी. आई तव्यावरची भाकरी टम्म फुगली की खाली घ्यायची, नखानं वरचा पापुद्रा एका कडेनं अलगद उचलायची, आत अंगठ्यानं चरबी फासायची, मिठाचे खडे चुरडून टाकायची आणि पापुद्रा परत दाबून बसवायची. वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. नुसती कोरडी भाकरी. "वरनं कोरडी दिसू दे," ती म्हणायची, "आतलं आपल्याला ठावं." शाळेत ती भाकरी मी उघडत नसे, तशीच मोडून खायचो. बाप रात्रपाळी करून यायचा, भुकेनं कासावीस झालेला, आणि तो डब्याकडे हात न्यायचा. आई डबा उचलून मागं ठेवायची. "ते पोराचं हाय. पोराच्या तोंडचं खाता व्हय?" बाप हसायचा. तीही हसायची. मग तो कांदा फोडून कोरडी भाकरी खायचा, आणि ती त्याच्याहून कोरडी, त्याचं खाऊन झाल्यावर. तेव्हा मला यात काही विशेष वाटत नव्हतं. पोटाला चिमटा काढून वाढवणं वगैरे शब्द नंतर भाषणांत ऐकले. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की भाकरीच्या आत काहीतरी असतं आणि ते माझं असतं.

सोसायटीच्या गेटशी येईपर्यंत कागद पूर्ण भिजला होता आणि बोटं चिकट झाली होती. घरी आम्रपालीनं दार उघडलं. आतून आईचं कण्हणं येत होतं, तिचं कण्हणं आता घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं होतं, थांबलं तरच लक्ष जायचं. मी पुडकं ओट्यावर ठेवलं आणि हसत हसत सगळं सांगितलं. म्हटलं, बघ तुझी सासू, वर्षभर आपल्याला बनवलं. चरबी आणून खात होती. आम्रपाली हसली नाही. तिनं पुडक्याकडे बघितलं, मग आईच्या खोलीच्या दाराकडे. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, त्या खात असत्या तर अशा झाल्या असत्या का? हाडाला कातडं लागलंय नुसतं." मी म्हटलं, मग कुठं गेली एवढी चरबी? ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक आठवायला लागलं. लसणाची चटणी एवढी जास्त का असायची. भाकरी निराळी का. ताट दुसऱ्यानं वाढायचं का नाही. मी ज्या कंपनीत पंचवीस वर्षं काढली तिथं एखादा पोरगा अशी चूक नजरेआड करता तर मी त्याला लाइनवर उभा ठेवला नसता. मी म्हटलं, "वास कसा नाही आला मला?" आम्रपाली म्हणाली, "मला यायचा कधीकधी. वाटायचं, शेजारून येतोय." मला तो आला नाही, कारण तो वास माझ्या जन्मापासूनचा होता. घराला घराचा वास येत नाही. मी पिठाचा डबा बाजूला सारला. मागे कोपऱ्यात एक झाकणाचा स्टीलचा डबा होता. उघडला. तळाला बोटभर पांढरा थर, आणि त्या थरावर एका जागी अंगठ्यानं ओरबाडलेलं. ती पडली त्या सकाळचं असेल ते. मी तिथंच खाली बसलो, फरशीवर. मला आईचा इतका राग आला की तिला गदागदा हलवून विचारावं, मारायला निघाली होतीस का मला? आणि त्याच क्षणी तिच्या बांगड्या आठवल्या, कोपरापर्यंत चढलेल्या. मला जगायचं म्हणून मी सगळ्यांच्या तोंडची चव काढून घेतली. तिनं स्वतःची निमूटपणे काढून दिली आणि माझी मला परत दिली, रोज, पापुद्र्याखाली घालून. माझ्या नळ्यांचं चित्र तिनं लांबून-जवळून बघितलं होतं. त्यात तिला काय दिसलं असेल? अरुंद वाट दिसली नसेल. वाळलेलं पोर दिसलं असेल. आम्रपाली माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "तेलही गेलं, तूपही गेलं." पुढचं ती बोलली नाही.

मग मी उठलो आणि ती चरबी चिरली. आम्रपालीनं अडवलं नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, आवडेल ते द्या. मी गॅस मंद ठेवला. आधी नुसतं पाणी सुटलं, मग चुरचुर आवाज यायला लागला, मग वास. तो वास फ्लॅटच्या त्या पांढऱ्या टाइल्सना नवा नव्हता, हे मला आता ठाऊक होतं. आईचं कण्हणं थांबलं. आम्रपाली धावत आत गेली आणि दारातूनच म्हणाली, "डोळे उघडलेत त्यांनी. इकडंच बघतायत." कितीतरी दिवसांत माझं काळीज असं धडधडलं नव्हतं. मी पीठ मळलं. भाकरी मला धड थापता येत नाही, कडेला चिरा पडल्या, पण तव्यावर ती फुगली. मी नखानं पापुद्रा उचलला, बोट पोळलं, आत चरबी फासली, मीठ टाकलं, पापुद्रा दाबला. ताटात घेऊन तिच्या खाटेशी बसलो. तिला मागे उशी लावून टेकवलं होतं. डोळे खोल गेलेले, पण आज त्यांत कोणीतरी होतं. "आई," मी म्हटलं, "भाकरी आणलीय. तुझ्यासारखी." मी कोवळा तुकडा मोडला आणि तिच्या ओठांशी नेला. तिनं ओठ मिटले नाहीत. तिनं वास घेतला. नाकपुड्या हलल्या, डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरले आणि मग तिचा चेहरा असा सैल झाला, ओळखीचा झाला, की आम्रपालीनं मागून माझा खांदा घट्ट धरला. आईनं हात वर उचलला. एवढी ताकद कुठून आली कोणास ठाऊक. तिनं माझं मनगट धरलं आणि घास बाजूला सारला.

"अवो," ती म्हणाली. आवाज घोगरा, पण स्पष्ट. "ते पोराचं हाय."

मी म्हटलं, "आई, मीच आहे. नागसेन. तू खा."

"पोराच्या तोंडचं खाता व्हय?" ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही. तिला माझा खरंच राग आला होता. "साळंतनं यील ना त्यो. झाकून ठिवा."

मी पुन्हा एकदा प्रयत्न केला, घास जवळ नेला, तर तिनं दात आवळले आणि मान भिंतीकडे वळवली. म्हटलं, बरं, मी खातो, तुझ्यासमोर खातो, मग तर खाशील? मी तो घास माझ्या तोंडाकडे नेला, तर तिनं वळून माझ्याकडे असं पाहिलं, एखाद्या चोराकडे बघावं तसं, की माझा हात खाली आला. बाप असाच भुकेला उठत असेल का तिच्यासमोरून, आणि तरी हसत असेल का? आम्रपाली कुजबुजली, "ठेवा झाकून. म्हणू द्या त्यांना." मी घास ताटात ठेवला आणि ताटावर ताट पालथं घातलं. "झाकलं," मी म्हटलं. आईनं मान हलवली आणि डोळे मिटले. संध्याकाळी मी झाकण काढून बघितलं तेव्हा भाकरी चामड्यासारखी झाली होती आणि जिथं मी मोडली होती तिथं आत पांढरा थर थिजला होता. मी ताट परत झाकून ठेवलं. त्यानंतर तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नाही, आणि मग तेही घेतलं नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आम्रपाली म्हणाली म्हणून मी रक्त तपासून आलो, नाहीतर मला त्याची आठवणही नव्हती. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मोकळं हसले. "अरे वा, नागसेनराव! आकडा एकदम जागेवर. एवढे दिवस हलत नव्हता. काय बदल केलात?" मी खाली बघितलं. त्यांना वाटलं, मी लाजलो. कागद घडी करून माझ्यापुढे सारत ते म्हणाले, "जे काय असेल ते, आता हेच चालू ठेवा." मी हो म्हणालो.